आधी फांदी, मग कावळा

दर सोमवारी सकाळी भाऊजी दूध कारखान्यातली घड्याळं लावायला निघायचे, आणि ते निघाले की धाकटीला वाटायचं, इतक्या थाटात इतकं चुकीचं काम करणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही.

भिंतीवरची घड्याळं नव्हेत. ती शिपाई लावायचा आणि बरी लावायचा. भाऊजी लावायचे ती राउटरची. कारखान्यात असे पाच राउटर होते: कचेरीत, भरणी विभागात, दूध तापवायच्या दालनात, प्रयोगशाळेत आणि सगळ्यात शेवटी शीतगृहात. एकाची केबल दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी सरळ साखळी. टाकीतलं दूध किती गार आहे, कुठला पंप चालू आहे, कुठली झडप उघडी आहे, ही सगळी खबर या साखळीतून कचेरीतल्या पडद्यावर यायची. आणि प्रत्येक राउटर आपल्यापाशी बारीकसारीक नोंदी ठेवायचा. अमुक केबल सुटली, अमक्याने हात लावला, अमुक पुन्हा सुरू झालं. या नोंदींना लॉग म्हणतात. लॉगच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ असते, आणि ती वेळ राउटर स्वतःच्या घड्याळातून घेतो. त्याचं घड्याळ चुकलं, तर तो खरी बातमी चुकीच्या वेळेला सांगत राहतो, आणि आपल्याला वाटतं की तो शहाणा आहे.

ही घड्याळं आपोआप एकमेकांशी जुळवून घेऊ शकतात. ती सोय राउटरमध्ये जन्मापासून असते. भाऊजींनी ती बंद करून ठेवली होती.

"बाहेरून वेळ आत आणायची म्हणजे दार उघडं ठेवायचं," ते म्हणायचे. "आज वेळ येईल, उद्या चोर येईल."

बाहेरची नको तर कचेरीतल्या राउटरलाच प्रमाण धरा, बाकीचे चार त्याच्याकडून वेळ घेतील, असं धाकटीने त्यांना तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा ते हसले होते. "तू पुस्तकं शिकलीस गं. मी राउटर शिकलोय."

तर त्यांची पद्धत अशी. सोमवारी आपल्या टेबलावर बसायचं. मनगटावरचं घड्याळ बघायचं. वेळ लावायची आज्ञा एका फाईलमध्ये टंकायची, समजा दहा वाजता. मग लॅपटॉप आणि निळी केबल घेऊन निघायचं, एकेका राउटरचं कपाट उघडायचं, केबल खोचायची आणि फाईलमधली ती ओळ उचलून तिथे चिकटवायची. पाची ठिकाणी तीच ओळ. पाची ठिकाणी दहा.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा धाकटीला वाटलं, आपली काहीतरी समजण्यात चूक होतेय. ती म्हणाली, "सर, पण शीतगृहात पोचेपर्यंत दहा वाजून गेलेले असतात ना?"

भाऊजींनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "सगळ्यांना एकच वेळ दिली, की सगळ्यांची वेळ एकच. फरक पडेलच कसा?"

एवढं बोलून ते शीतगृहाला दहा वाजवून आले. तेव्हा अकराला दहा कमी होते.

कारखान्यात सर म्हणायचं आणि घरी भाऊजी, हा नियमही त्यांचाच. धाकटी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होती, ताईकडे राहत होती, आणि ही नोकरी भाऊजींच्या शब्दावर मिळाली होती. परीक्षा तिने स्वतः दिली होती, पहिली आली होती. पण कारखान्यात ते कुणाच्या लक्षात नव्हतं. तिथे ती सरांची धाकटी मेहुणी, म्हणून धाकटी. हमालापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला धाकटीच म्हणायचे. भौतिकशास्त्राची पदवी, वर जाळेबांधणीचं, म्हणजे नेटवर्किंगचं, शिक्षण, आणि हाती काय, तर नात्यातला क्रमांक.

उमेदवारीचे शेवटचे दिवस राहिले असताना, एका मंगळवारी दुपारी, शीतगृहातला शीतयंत्राचा मोठा पंप बंद पडला. पंप बंद पडतात. अशा वेळी कचेरीतल्या पडद्यावर लाल चौकोन येतो, घंटा वाजते, कुणीतरी धावतं. त्या दुपारी घंटा वाजली नाही, कारण साखळीच तुटली होती, आणि पंप बंद आहे हे कुणाला कळलंच नाही. प्रयोगशाळा आणि शीतगृह दोन्ही पडद्यावरून गायब. पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला ते दिसलं तेव्हा त्याने धाकटीला हाक मारली. धाकटी निळी केबल घेऊन थेट शेवटच्या टोकाला, शीतगृहाकडे धावली. तिथल्या राउटरचं प्रयोगशाळेच्या बाजूचं तोंड, म्हणजे पोर्ट, तिने लॅपटॉपवरून एकदा बंद केलं, पुन्हा चालू केलं. उपयोग झाला नाही. म्हणून ती मागे मागे शोधत आली, आणि संध्याकाळी तापवायच्या दालनातल्या जोडपेटीत पाणी सापडलं. दालन धुणारे नळी मारताना पेटीवरही मारायचे. पेटी पुसली, जोड बदलला, साखळी जुळली. तोवर एक अख्खी टाकी कोमट होऊन नासली होती. एवढं दूध गटारात सोडताना जो वास येतो, तो कपड्यांतून जात नाही.

बुधवारी भाऊजींनी पाची राउटरचे लॉग गोळा केले. ते एका तक्त्यात ओतले, वेळेप्रमाणे लावले आणि छापून मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवले. तक्ता सुबक होता. भाऊजींची सगळी कामं दिसायला सुबक असत.

वरून पहिली ओळ, दोन वाजून पाच: शीतगृहाचा राउटर, धाकटीने तोंड बंद केलं. त्याखाली दोन वीस: प्रयोगशाळेचा राउटर म्हणतो, दालनाकडची केबल सुटली. त्याखाली आठ मिनिटांनी: दालनाचा राउटर म्हणतो, प्रयोगशाळेकडची केबल सुटली. शेवटच्या रकान्यात भाऊजींच्या वळणदार अक्षरात दोन शब्द: मानवी चूक.

"आधी तू हात लावलास," भाऊजी तिला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं, "मग साखळी तुटली. मी काय करू? राउटर खोटं बोलत नाही."

"सर, ही दोन वीस आणि ही दोन अठ्ठावीस. ही एकच केबल आहे. एकच केबल दोन वेळा कशी सुटेल?"

"आधी या टोकाला सुटली. मग त्या टोकाला."

दोरी मधोमध तुटली तर ती धरणाऱ्या दोघांनाही त्याच क्षणी हिसका बसतो, हे सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. पण सहा वर्षांच्या पोराला विभागप्रमुख करत नाहीत.

पडद्यासमोरच्या माणसाला तिने विचारलं, पडदा नक्की किती वाजता गेला होता. त्याने डोकं खाजवलं. "जेवणानंतर," तो म्हणाला. आणखी विचारलं तर म्हणाला, "चांगलंच जेवलो होतो त्या दिवशी."

कर्मचारी विभागाच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. उद्या सकाळी समिती बसेल. समितीला चूक तिची वाटली, तर उमेदवारी तिथेच संपेल, आणि दाखल्यावर कारण लिहावं लागेल. "लिहायचं कसं ते आम्ही सौम्य बघू," बाई म्हणाल्या. सौम्य लिहिलेलं कारण असं: जाळ्यात विनापरवाना हस्तक्षेप. असा दाखला घेऊन या धंद्यात फिरायचं म्हणजे कपाळावर पाटी लावून फिरायचं.

त्या संध्याकाळी बहुतेक सगळे गेल्यावर धाकटीने निळी केबल घेतली आणि पाची कपाटं फिरली. कचेरीचं घड्याळ जवळपास बरोबर. भरणी विभागाचं पाच मिनिटं मागे. दालनाचं आणखी मागे, प्रयोगशाळेचं त्याहून मागे. आणि प्रयोगशाळा ते शीतगृह, म्हणजे चालत जायला दोन मिनिटांचा रस्ता, तिथे एकदम अर्ध्या तासाची उडी. सोमवारची भाऊजींची अख्खी स्वारी या पाच आकड्यांत उमटली होती. कुठे रेंगाळले, कुठे गप्पा मारल्या, सगळं.

फक्त ती अर्ध्या तासाची उडी तिला कळेना. प्रयोगशाळेतल्या तपासनीसांनी उलगडा केला. ते दह्याच्या नमुन्यांचं ऊबदार कपाट बंद करत होते.

"सोमवारी ना? इथेच बसतात की. या कपाटाला पाठ लावून. म्हणतात, कंबर शेकली की आठवडा बरा जातो."

धाकटीला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग असा राग आला की केबल तिच्या मुठीत वळली. एका माणसाची कंबर शेकली गेली म्हणून शीतगृहातला काळ अर्धा तास मागे राहिला, आणि त्या अर्ध्या तासाच्या पोटात तिची नोकरी बसली होती.

घरी ताई मटार सोलत होती. भाऊजी फिरायला गेले होते. ताईने एकदा तिच्याकडे बघितलं आणि वाडगा तिच्यापुढे सरकवला, म्हणजे बोल आता.

धाकटी बोलली. सगळं बोलली. घड्याळं, तक्ता, ऊबदार कपाट. बोलताना तिला मजाही येत होती, हे तिचं तिलाही कळत होतं.

"मग उद्या काय करणार?" ताईने विचारलं.

"समितीला घेऊन पाची कपाटं उघडणार. पाच घड्याळं, पाच वेगळ्या वेळा. मला तोंडसुद्धा उघडायला नको."

"त्यांना ओरडा बसेल."

"बसेल."

"आणि लोक हसतील."

"हसण्यासारखंच आहे, ताई."

ताईने एक शेंग मोडली. आतला एक दाणा किडका निघाला, तो तिने बोटाने उडवला. "हे तू नाइलाजाने करणारेस, की आवडीने?"

"दोन्ही," धाकटी म्हणाली.

सकाळी ती उठली तेव्हा भाऊजी निघून गेले होते. "लवकर गेले आज," ताई ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "काहीतरी काम होतं म्हणे." धाकटीने चहा घेतला. तिच्या डोक्यात भाषण तयार होत होतं, आणि भाषण तयार होत असलं की माणसाला आजूबाजूचं ऐकू येत नाही.

समितीत तिघं होते: मोठे साहेब, कर्मचारी विभागाच्या बाई आणि हिशेबनीस. हिशेबनीसांना का घेतलं हे कुणालाच माहीत नव्हतं, पण कारखान्यात कुठलीही समिती त्यांच्यावाचून बसत नसे. भाऊजी बाजूच्या खुर्चीत, मांडीवर तक्ता घेऊन.

"हे बघ धाकटी," मोठे साहेब म्हणाले, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे मलाही कळतं. पण इथे कावळा बसल्यावर फांदी मोडलीय. कागदच सांगतो."

"साहेब, कावळा नंतर बसला. कागदावर आधी दिसतो, कारण घड्याळं चुकलीत. पाच राउटर, पाची घड्याळं वेगळी."

"मग सरासरी काढू," हिशेबनीस म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "नाही, म्हणजे वाद नको. पाची वेळांची बेरीज करायची, पाचने भागायचं."

धाकटीने त्यांना उत्तर दिलं नाही. काही बोलणी अशी असतात की त्यांना उत्तर दिलं तर आपली उंची कमी होते. ती उठली. "चला, दाखवते. पंधरा मिनिटांचं काम आहे."

मिरवणूक निघाली. पुढे धाकटी, हातात लॅपटॉप, मागे समिती, सगळ्यात मागे भाऊजी, तोंडाने हलकी शीळ घालत. त्या शिळेनेच तिने सावध व्हायला हवं होतं.

कचेरीतलं कपाट उघडलं. साहेबांनी खिशातला फोन काढला. पडद्यावरची वेळ आणि फोनची वेळ एकच.

"हे बरोबर असणारच," धाकटी म्हणाली. "पुढचं बघा."

भरणी विभाग. दुधाच्या पिशव्या पट्ट्यावरून धपाधप पडत होत्या. तिने कपाट उघडलं, केबल खोचली. वेळ बरोबर. सेकंदासकट.

तिने केबल काढली, पुन्हा खोचली. तीच वेळ.

"बरोबर आहे की," साहेब म्हणाले.

दालनात बरोबर. धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कालपर्यंत मागे असलेली घड्याळं रातोरात शहाणी कशी झाली? तिने राउटरची मांडणी, म्हणजे सेटिंग्ज, उघडून बघितली, आणि तिला दिसलं. घड्याळं जुळवण्याची सोय चालू होती. कचेरीतला राउटर प्रमाण, बाकीचे त्याच्या मागे. तिने तीनदा सांगितलेली पद्धत, अक्षरशः तिचीच, एकही चूक न करता. म्हणजे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. कळत नसतं तर तिला त्याची कीव करता आली असती.

आणि त्याला आज पहाटे हे सुचलं कसं, याचं उत्तर तिला मटाराच्या वाडग्यासकट आठवलं.

"आता किती कपाटं राहिली?" बाईंनी विचारलं. त्यांच्या पायात उंच टाचांच्या चपला होत्या.

"दोन," भाऊजी मागून म्हणाले. "बघू या ना सगळी. मुलीचं समाधान होऊ दे." आणि साहेबांकडे वळून, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं: "हुशार आहे हो पोर. फक्त आपलं चुकलं म्हणायची सवय नाही."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकत धाकटी प्रयोगशाळेत शिरली. तपासनीस उठून उभे राहिले. ऊबदार कपाट मंद घरघरत होतं. तिने राउटरला केबल लावली. घड्याळ बरोबर असणार हे ठाऊक होतं, म्हणून ती घड्याळाकडे गेलीच नाही. हात काहीतरी करत राहावेत म्हणून तिने लॉग उघडला.

सगळ्यात खाली, आज सकाळची ओळ होती. घड्याळ बदललं, जुनी वेळ ही, नवी वेळ ही, बदलणारा, आणि पुढे भाऊजींचं नाव. जुन्या-नव्यात वीस मिनिटांचं अंतर. राउटरचं घड्याळ कुणी बदललं की तो तेही लिहून ठेवतो, हे इतकी वर्षं घड्याळं बदलणाऱ्या माणसाने कधी वाचलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तिने ती ओळ साहेबांना दाखवायला बोट उचललं. आणि तिला ताईचं घर दिसलं. ओट्याकडे तोंड करून उभी असलेली ताईची पाठ दिसली. घड्याळं चुकीची लावणं हा गाढवपणा होता. त्याला ओरडा बसतो. चौकशीच्या सकाळी पुरावा बदलणं म्हणजे घरी बसणं. धाकटीने पडदा वर सरकवला. ती ओळ खाली दिसेनाशी झाली.

वर मंगळवारच्या ओळी होत्या. दोन वीस: दालनाकडची केबल सुटली. तिने पुढे वाचलं. दोन पस्तीस: शीतगृहाकडची केबल सुटली. आणि लगेच, पुन्हा जोडली.

ती थांबली. शीतगृहाकडची केबल सुटली आणि जोडली, म्हणजे काय? म्हणजे तीच. तिने शीतगृहात बसून तोंड बंद करून चालू केलं, तो हिसका या टोकाला बसला होता. ही ओळ भाऊजींच्या तक्त्यातही असणार, कुठेतरी खाली, आणि तिने ती वाचली नव्हती. घड्याळांतले फरक मोजत बसलेली ती, तिला फरकांची गरजच नव्हती. स्वतःच्या हुशारीबद्दल तिचं जे मत होतं, त्याला एक चिमटा बसला.

"साहेब," ती म्हणाली, "घड्याळं सोडा. एकच विचारते. हा एक राउटर. याला दोन हात आहेत. एका हातात दालनाकडची दोरी, दुसऱ्या हातात शीतगृहाकडची. बरोबर?"

"बरोबर."

"याचं घड्याळ पुढे असो, मागे असो, दगड असो. पण आहे एकच. या एका घड्याळावर दालनाकडची दोरी तुटली दोन वीसला. जोडपेटीत पाणी गेलं ते. आणि मी शीतगृहाकडून दोरी ओढली ती दोन पस्तीसला. आधी काय झालं?"

साहेब पडद्याजवळ वाकले. ओठ हलवत त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या. "दोन वीस आधी."

"म्हणजे साखळी तुटल्यावर मी हात लावला. आणि आता तुमच्या हातातल्या तक्त्यात बघा, तीच माझी दोरी शीतगृहाच्या घड्याळाप्रमाणे दोन पाचला ओढलीय, इथल्या घड्याळाप्रमाणे दोन पस्तीसला. एकच हिसका, दोन टोकं, मध्ये अर्धा तास. मी एवढी लांब दोरी ओढू शकत नाही."

बाई हसल्या. हिशेबनीसांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि मान डोलावली, जणू सरासरीचा विचार कधी त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. "आधी फांदी," साहेब म्हणाले, "मग कावळा." ते स्वतःवर खूश दिसले. हे आपणच शोधून काढलं असं त्यांना दुपारपर्यंत वाटू लागणार, हे धाकटीला तिथेच कळलं.

"पण मग," साहेब भाऊजींकडे वळले, "मंगळवारी घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक होता म्हणायचा. आज तर सगळी सेकंदाला सेकंद जुळतात. हे कसं?"

धाकटी बोलली नाही. तिने लॅपटॉपवरचे हातही काढून घेतले. भाऊजींपुढे दार उघडं होतं. मी लावली साहेब, चूक कळली म्हणून आज सकाळी दुरुस्त केली, एवढं एक वाक्य. साहेबांनी ते गिळलंही असतं. ती चक्क वाट बघत होती, मनात म्हणत होती, बोला ना, एकदा तरी बोला.

भाऊजींनी तक्त्याची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली.

"आपोआप झाली असतील," ते म्हणाले.

आपोआप. ज्या माणसाने आपोआप होणारी एकमेव गोष्ट स्वतःच्या हाताने बंद करून ठेवली होती, त्याच्या तोंडून. धाकटीने पडदा खाली सरकवला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि लॅपटॉप साहेबांकडे फिरवला. साहेबांनी नाव वाचलं, वेळ वाचली, आणि पुन्हा नाव वाचलं.

"मग सोमवारी अर्धा तास कुठे गेला होता?" हिशेबनीसांनी विचारलं. एकदा वजाबाकी सुरू झाली की त्यांना राहवत नसे.

तपासनीसांनी, भल्या माणसाने, ऊबदार कपाटाकडे नुसती मान केली. "सर तिथे पाठ शेकतात."

त्यावर सगळे हसले. बाई भिंतीला टेकून हसल्या. पुरावा बदलल्याचं बघून कुणाचं काही हललं नव्हतं. कंबर म्हटल्यावर सगळ्यांना कंठ फुटला. धाकटीला ते हसू हवं होतं, दोन दिवस हवं होतं, आणि आता तिला त्या हसणाऱ्यांचाही तितकाच वीट आला.

साहेबांनी तिथेच निकाल दिला. धाकटी कायम, पत्र पुढच्या आठवड्यात. सरांनी सोमवारपासून भांडारात बसायचं, राउटरच्या कपाटांच्या किल्ल्या आजच द्यायच्या. जोडपेटीवर पाणी मारणाऱ्यांना समज. साहेब तक्ता तिथेच टाकून गेले.

संध्याकाळी धाकटी मुद्दाम उशिरा घरी आली. रस्ताभर तिने ताईला बोलायची वाक्यं जुळवली होती. धारदार होती. ताईने दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"मीच सांगितलं त्यांना," ताई म्हणाली.

"माहीत आहे."

"तू विचारायच्या आधी सांगते. ते काय करतील याचा मला अंदाज होता."

"आणि माझं काय होईल, याचा?"

"तोही होता."

"ताई!"

"तुला दुसरी नोकरी मिळाली असती. दाखला कसाही असो, तू मिळवली असतीस. त्यांना या वयात कोण घेतं? मी एवढाच विचार केला. तुझ्यावर अन्याय होता, हे कळून केला." ताईचा आवाज चढला नाही, रडवेलाही झाला नाही. "परत वेळ आली तर परत सांगेन. म्हणून म्हणते, एखादी खोली बघ. मी तुला घालवत नाहीये. पण तू रोज येऊन मला सगळं सांगणार, आणि मी ते पोटात ठेवणार नाही. असं नको."

धाकटी जुळवलेल्या वाक्यांपैकी एखादं शोधत राहिली. दिवसभर भेटलेल्या प्रत्येक माणसाला तिने मनात कुठे ना कुठे ठेवून दिलं होतं, खालच्या फळीवर. ताईला ठेवायला तिला फळी सापडेना.

"ये आत," ताई म्हणाली. "जेवून घे. कुणी कुणाशी बोलायची सक्ती नाही."

तिघं जेवायला बसले. भाऊजींनी कपडे बदलले नव्हते. ते ताटाकडे बघत होते आणि घास लहान लहान करत होते. धाकटीला वाटलं, आता ते माफी मागतील, आणि मागितली तर काय बोलायचं याची तिला धास्ती वाटू लागली.

भाऊजींनी मान वर केली.

"ती ओळ," त्यांनी विचारलं, "पुसता नसती आली का गं?"

धाकटीने घास गिळला. "आली असती. घड्याळ लावून झाल्यावर राउटर एकदा बंद करून चालू केला असता, तरी गेली असती. त्याच्या पोटातल्या नोंदी वीज गेली की जातात."

"अरेच्चा," भाऊजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदाच काहीतरी शिकल्याची चमक आली. "हे माहीतच नव्हतं मला."

ताईने हातातला डाव खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.